चित्रफितीतून गाळलेली वीस मिनिटे

प्रवासाहून परतणारा माणूस सोबत काय घेऊन येतो, यावरून त्या त्या काळाची ओळख पटते. आपल्या आजोबांच्या पिढीने काशीहून गंगाजल आणले. वडिलांच्या पिढीने छायाचित्रांचा अल्बम आणला आणि पाहुण्यांपुढे तो पानापानाने उलगडला. आपली पिढी चित्रफीत घेऊन परतते. त्यातही ज्यांना डांबरी रस्ता संपल्यावरच खरा प्रवास सुरू झाल्यासारखे वाटते, अशा आडवाटेच्या वाहनचालकांच्या सामानात मुठीत मावणारा एक छोटा कॅमेरा हमखास असतो. मीही त्यांच्यापैकीच एक आहे. म्हणूनच या कॅमेऱ्याविषयी, आणि त्याहून अधिक त्याचा वापर करणाऱ्या आपल्या मनाविषयी, चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

या ‘ॲक्शन कॅमेऱ्या’चा इतिहास फार जुना नाही. निक वुडमन या अमेरिकन तरुणाला समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याचा छंद होता. लाटेवर असतानाच स्वतःचे छायाचित्र टिपता यावे, या साध्या इच्छेपोटी त्याने २००२ साली एक कंपनी स्थापन केली. तिचा पहिला ‘गोप्रो’ कॅमेरा २००४ मध्ये बाजारात आला. तो मनगटाला बांधावयाचा, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा साधा कॅमेरा होता. पुढे तो डिजिटल झाला, २००९ मध्ये त्यात उच्च दर्जाचे चलच्चित्रण आले आणि त्यानंतर अन्य कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. आज सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचे हे यंत्र पाण्यात, धुळीत, थंडीत निमूटपणे आपले काम करीत राहते. गाडीच्या काचेवर, टपावर, चाकाशेजारी किंवा चालकाच्या छातीवर ते बसवता येते. पूर्वी ज्या कामासाठी छायाचित्रकारांचा ताफा लागत असे, ते काम आता महिन्याच्या पगारातून थोडी बचत करणारा नोकरदारही करू शकतो.

काही वर्षांपूर्वी माझी बदली हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यातल्या एका शाखेत झाली. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला हिमालयाचे दर्शन म्हणजे पर्वणीच. तेथे मी चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणारी एक जुनी जीप घेतली आणि पाठोपाठ हा कॅमेराही घेतला. २०२२ च्या जूनअखेर, कुंझुम खिंडीचा मार्ग खुला झाल्यावर, मी आणि शाखेतील एक हिमाचली सहकारी स्पितीकडे निघालो. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलात उतरणे सोपे झाले आहे. परंतु ग्रांफूपाशी काझाच्या रस्त्याला लागताच सुखाचा प्रवास संपतो. छत्रू ते बातलच्या पट्ट्यात तर रस्ता कोणता आणि नदीचे पात्र कोणते, असा प्रश्न पडावा. डोंगरावरील बर्फ वितळून आलेले नाले थेट रस्त्यावरून वाहतात. सकाळी घोट्याएवढे असणारे पाणी ऊन तापल्यावर, दुपारनंतर, मांडीपर्यंत चढते.

अशाच एका नाल्यापाशी आम्ही सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलो. समोर चाकांचे ताजे ठसे पाण्यात उतरलेले दिसत होते, त्यामुळे त्याच मार्गाने जावे असे मला वाटले. तेवढ्यात रस्त्याच्या डागडुजीवर असलेला एक मजूर हात हालवीत पुढे आला. ‘‘वहाँ से नहीं, साहब,’’ तो म्हणाला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात काठी घेऊन तो त्या बर्फगार पाण्यात शिरला. प्रवाह जेथे अरुंद होता तेथे पाणी खोल होते आणि तळाला मोठे धोंडे होते. वीसेक पावले वरच्या बाजूस पात्र पसरट, पाणी उथळ आणि खडे बारीक होते. त्याने काठीने खोली दाखवली, पलीकडे बाहेर पडण्याची जागा दाखवली. एक टेम्पो त्याच मार्गाने जाईपर्यंत आम्हांला थांबवून ठेवले. मग मी जीप खालच्या गिअरमध्ये टाकली आणि एका संथ लयीत, मध्ये न थांबता, पलीकडे गेलो. निघताना त्याने बजावले, ‘‘लौटते समय दोपहर के बाद मत आना.’’ या साऱ्याला वीस मिनिटे लागली. प्रत्यक्ष नाला ओलांडण्यास चाळीस सेकंदही लागले नसतील.

या प्रवासाची मी जी चित्रफीत तयार केली, ती दोन मिनिटे चाळीस सेकंदांची होती. तिला साजेसे संगीत जोडले. नाल्याचा प्रसंग तिचा कळसाध्याय होता : गाडी येते, पाणी दोन्ही बाजूंना उसळते आणि गाडी पलीकडे! काठी घेतलेला मजूर त्यात नव्हता. खरे सांगायचे तर तो चित्रणात होता. मीच त्याला कापले होते. पाण्यात वाकून चालणाऱ्या माणसामुळे प्रसंगाची गती मंदावते, असे मला वाटले. शाखेत दुपारच्या चहाला ही फीत सर्वांनी कौतुकाने पाहिली. त्या वर्षी गणपतीत घरी गेलो, तेव्हा आरतीनंतर दूरचित्रवाणी संचावर ती पुन्हा पुन्हा लावण्यात आली. सर्वांत भारावून गेला तो माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा.

पुढच्या वर्षी त्यानेही जुनी जीप घेतली. कर्जाला ताई सहकर्जदार होती. २०२३ च्या जुलैत तो एका मित्राला घेऊन मावळात गेला. काचेवर कॅमेरा लावला होता. वाटेत एक ओढा लागला. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की सह्याद्रीतले ओढे पाहता पाहता फुगतात, हे त्याला ऐकून ठाऊक होते. तरीही त्याने वेग वाढवून गाडी थेट पाण्यात घातली. मध्यावर इंजिन बंद पडले. त्याने घाबरून तीन वेळा स्टार्टर मारला. गाडी हळूहळू खालच्या बाजूला सरकू लागली. दोघे खिडकीतून बाहेर पडले, ते जवळच्या शेतातून धावत आलेल्या माणसांनी कासरा फेकला म्हणून. धडपडीत मित्राच्या हाताचे हाड मोडले. जीव वाचले, हीच परमेश्वराची कृपा.

रात्री दूरध्वनीवर मी त्याच्यावर रागावलो. ‘‘अरे, आधी उतरून पाणी का नाही पाहिलेस?’’ तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘मामा, तू तर थेट गाडी घातली होतीस.’’

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ताईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

गाडीचे पुढे काय झाले, हे ग्राहकबंधूंनी जाणून घेण्यासारखे आहे. इंजिनाला हवा लागते आणि ती ज्या नळीतून आत येते, त्याच नळीतून पाणी आत शिरू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये, ही सूचना याचसाठी असते. विम्याच्या दृष्टीने अशी हानी बहुधा ‘परिणामी हानी’ मानली जाते, आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले नसेल तर दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. भाच्याचा दावा असाच नाकारला गेला. दुरुस्तीचा खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच येत राहिला. आडवाटेची हौस असणाऱ्यांनी आपल्या विमापत्रातील ‘उपयोगाच्या मर्यादा’ हा मजकूर अवश्य वाचावा. आयोजित शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि वाहनाच्या क्षमतेच्या कसोट्या या गोष्टी सर्वसाधारण विमापत्राच्या कक्षेबाहेर असतात.

त्या रात्रीपासून मी या विषयाचा विचार करू लागलो. माझ्या चित्रफितीत एकही दृश्य खोटे नव्हते. तरीही तिने एका तरुणाची दिशाभूल केली. हे कसे घडले? माझ्या मते याची तीन कारणे आहेत. दोन यंत्राची आहेत आणि एक आपले आहे.

पहिले कारण भिंगाचे. या कॅमेऱ्याचे भिंग अतिशय विस्तृत कोनाचे असते. कमी जागेत अधिक दृश्य मावावे हा त्याचा हेतू. पण अशा भिंगातून जवळची वस्तू फार मोठी आणि दूरची फार लहान दिसते. शिवाय कॅमेरा गाडीवर बसवलेला असल्याने गाडी जितकी कलते तितकाच तोही कलतो. परिणामी ज्या चढावर छातीत धडकी भरलेली असते, तो पडद्यावर शाळेच्या मैदानासारखा सपाट भासतो. गढूळ पाण्याची खोली तर कोणतेच भिंग दाखवू शकत नाही.

दुसरे कारण स्थिरीकरणाचे. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०१८ पासून, हे तंत्र फारच सुधारले आहे. यंत्रातील संवेदक कॅमेऱ्याचे हादरे मोजतात आणि चित्राची चौकट त्या बेताने कडेने कापून विरुद्ध दिशेला सरकवली जाते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सुख वाटते हे खरे. परंतु खडकाळ वाटेवर हादरा हाच तर त्या वाटेचा बोलका पुरावा असतो! तो पुसला गेला की गाडी जणू लोण्यावरून चालल्यासारखी दिसते.

तिसरे कारण संकलनाचे, आणि ते सर्वस्वी आपले. आपण थांबणे गाळतो. उतरून पाहणे, वाट विचारणे, टायरमधली हवा कमी करणे, अडकलेली गाडी दोराने ओढून काढणे, कधी माघारी फिरणे हे सारे कंटाळवाणे म्हणून कात्रीखाली जाते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते की केवळ जमेची बाजू दाखवणारा हिशेब हा हिशेबच नव्हे. जमेची प्रत्येक रक्कम खरी असली तरी खर्चाची बाजू लपवल्यास तो ताळेबंद फसवाच ठरतो. मी नेमके तेच केले होते. चाळीस सेकंदांची जमा दाखवली आणि वीस मिनिटांचा खर्च दडवला.

याचा परिणाम केवळ पाहणाऱ्यावर होतो असे नाही, तो चालकावरही होतो. पडद्यावर चढ सपाट दिसतो, पाणी उथळ दिसते. मग चालकाला वाटते, एवढ्याने कोण थक्क होणार? पुढच्या वेळी तो वेग वाढवतो, पाणी अधिक उडावे म्हणून खोल जागा निवडतो. एकदा सुखरूप ओलांडलेला ओढा कोन बदलून टिपण्यासाठी पुन्हा ओलांडतो. आपण गाडी चालवत असतो, पण वाट कॅमेरा निवडू लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा आहे की, बारा इंच वाहते पाणी बहुतेक मोटारींना आणि दोन फूट वाहते पाणी मोठ्या एसयूव्ही व ट्रकलाही वाहून नेऊ शकते. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक, सांगितली आहे. या दोन आकड्यांमधले अंतर किती थोडे आहे, ते पाहावे. इंजिन तग धरील, पण प्रवाहाचा रेटा गाडीलाच उचलील.

आणि हानी केवळ आपलीच होते असेही नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये लडाखच्या पँगाँग सरोवराच्या पाण्यात मोटार फिरवणाऱ्या पर्यटकांची चित्रफीत देशभर पसरली आणि तिच्यावर संतापाची लाट उसळली. २०२३ च्या नाताळात लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातून गाडी नेणाऱ्यावर पोलिसांनी दंडात्मक कारवाई केली. तीही चित्रफितीमुळेच उघडकीस आली. शीत वाळवंटात झुडुपे अत्यंत मंद गतीने वाढतात. तेथील उजाड भासणाऱ्या जमिनीवर उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षे राहते. आपल्या कोकणकिनारी ज्या वाळूत समुद्रकासवे अंडी घालतात, त्या वाळूवरून गाडी फिरवली तर काय चिरडले गेले, हे चालकाला कळतही नाही.

मग कॅमेरा घरीच ठेवावा काय? माझे मत तसे मुळीच नाही. उलट, या यंत्राइतका स्पष्टवक्ता गुरू मला दुसरा भेटलेला नाही. त्याच प्रवासात काझाला मुक्कामी असताना रात्री मी चाकाशेजारी लावलेल्या कॅमेऱ्याचे मूळ, न कापलेले चित्रण पाहिले. कुंझुमच्या एका वळणावर माझे पुढचे डावे चाक दरीच्या कडेपासून जेमतेम वीतभर अंतरावरून गेले होते. त्या क्षणी मी सहकाऱ्याशी हसून बोलत होतो. मला याची गंधवार्ताही नव्हती! परतीच्या प्रवासात मी त्या वळणावर बोलणे थांबवले, गाडी आतल्या बाजूने घेतली. रोखपाल दिवसाच्या शेवटी रोकड जुळवून पाहतो, त्याप्रमाणे दिवसाचे चित्रण रात्री एकट्याने पाहावे. हा या कॅमेऱ्याचा खरा उपयोग आहे, आणि त्याला ना संगीत लागते ना प्रेक्षक.

काही पथ्ये मात्र पाळावीत. कॅमेरा गाडी उभी असतानाच सुरू करावा आणि गाडी उभी असतानाच बंद करावा. मधल्या काळात त्याकडे पाहूही नये. तो केवळ चोषण-चकतीच्या भरवशावर न ठेवता बारीक दोरीने गाडीला बांधावा, म्हणजे निसटला तरी मागच्याच्या अंगावर जाणार नाही. मोटारसायकलस्वारांनी तो हेल्मेटवर बसवण्याचा मोह टाळून छातीवरील पट्ट्यावर लावावा. हेल्मेटची चाचणी त्याच्या गुळगुळीत कवचासह झालेली असते, वर चिकटवलेल्या टणक वस्तूसह नव्हे. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवरील कॅमेऱ्यांविरुद्ध पाऊल उचलले, ते याच चिंतेतून. आणखी एक गोष्ट : मूळ चित्रण जपून ठेवावे. अपघाताच्या प्रसंगी कापलेल्या फितीपेक्षा मूळ फितीचे मोल अधिक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, विहित प्रमाणपत्रासह असे इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात ग्राह्य धरले जाऊ शकतात.

‘‘वीस मिनिटांचे थांबणे कोण पाहणार?’’ असा प्रश्न काही मित्रांनी मला केला. प्रश्न रास्त आहे. वीस मिनिटे कोणीच पाहणार नाही. पण वीस सेकंद कोणीही पाहील. पाण्यात उतरलेली काठी, गुडघ्याशी पोहोचलेले पाणी आणि थांबण्याची खूण करणारा एक हात, एवढे पुरेसे आहे. त्याने प्रसंगाचा थरार कमी होत नाही. पुढे काय होणार याची उत्सुकता उलट वाढते. आणि मुख्य म्हणजे, ते पाहून जो कोणी उद्या पाण्याच्या काठाशी उभा राहील, त्याला काय करावयाचे ते ठाऊक असेल.

मी ती जुनी चित्रफीत पुन्हा बांधली. सुदैवाने मूळ चित्रण जपलेले होते. आता ती चार मिनिटांची आहे आणि काठी घेतलेला तो मजूर तिच्यात आहे. त्याचे नाव मी त्या दिवशी विचारले नाही, याची रुखरुख आजही आहे. ती भाच्याला दाखवली, तेव्हा तो मजुराच्या प्रसंगापाशी फीत थांबवून बराच वेळ पाहत राहिला. ‘‘हे तेव्हा का नव्हतं, मामा?’’ एवढेच त्याने विचारले.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघे त्याची दुरुस्त केलेली जीप घेऊन पुन्हा मावळात गेलो. त्याच ओढ्याच्या काठी अर्धा तास उभे राहिलो. भाच्याने स्वतः काठी घेऊन काठाजवळचे पाणी तपासले. पाणी चढत होते. ‘‘नको, मामा,’’ तो म्हणाला, आणि त्याने गाडी वळवली. कॅमेरा सुरूच होता. ती चित्रफीत मी नुकतीच शाखेत दुपारच्या चहाला दाखवली. तिच्यात गाडी पाणी ओलांडतच नाही. तरीही सर्वांनी ती शेवटपर्यंत पाहिली.